अण्णांची नऊ सेलची बॅटरी

आमच्या शेजारच्या सुभेदार अण्णांसमोर कुणी 'टक्के' हा शब्द काढू नये. काढलाच, तर हातातलं काम बाजूला ठेवून बसायची तयारी ठेवावी. मी कित्येक वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो, तरी अधूनमधून माझ्या तोंडून तो शब्द निसटतोच. मग अण्णा चष्मा कपाळावर सरकवतात, माझ्याकडे रोखून बघतात आणि विचारतात, "कशाचं?"

या एका प्रश्नापायी या माणसाने निम्म्या आष्ट्याशी वाकडं घेतलेलं आहे. गुडघ्यासाठी गेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले की आता साठ टक्के फरक आहे. कशाचे साठ, अण्णांनी विचारलं. डाव्या गुडघ्याचे की दोन्ही मिळून? चढतानाचे की उतरतानाचे? डॉक्टरांनी बाहेरच्या रांगेकडे बोट दाखवलं. एका सोयरिकीच्या बैठकीत मुलाच्या मामाने मुलगा शंभर टक्के निर्व्यसनी असल्याचं सांगितलं, तर अण्णांनी त्याला आधी शंभर व्यसनांची नावं घ्यायला लावली. मामा सातव्या-आठव्या व्यसनाला अडकला आणि उठून गेला. त्या मोडलेल्या सोयरिकीचा ठपका माझ्यावर आला, कारण त्यांना बैठकीला नेलं होतं मी.

माझ्या मुलीला दहावीला एक्याण्णव टक्के पडले. पोरगी हौसेने पेढे घेऊन त्यांच्याकडे गेली. अण्णांनी पेढा हातात धरला आणि तोच प्रश्न टाकला. पेपरात विचारलं त्याचे एक्याण्णव हे कळलं, पुस्तकात होतं त्यातलं किती येतं ते सांग, म्हणाले. मुलगी डबा घेऊन परत आली आणि पुढचं वर्षभर त्यांच्या दारावरून गेली नाही, मागच्या बोळातून जात राहिली. मला त्याचा अजून राग येतो. तोंड गोड करायला आलेल्या पोरीला असं विचारतात का?

अख्ख्या गावात अण्णांना एकच टक्केवारी मान्य आहे, दूध डेअरीतल्या फॅटची. तिथल्या माणसाने त्यांना पहिल्याच दिवशी नीट सांगितलं होतं, शंभर भाग दुधातले एवढे भाग. अण्णा त्याला आजही दुरून सलाम ठोकतात.

यामागे लष्करातलं एक प्रकरण आहे. अण्णा सिग्नलमध्ये होते, वायरलेसच्या बॅटऱ्या त्यांच्या ताब्यात. एकदा सरावाला निघताना कुणीतरी 'सगळ्या बॅटऱ्या शंभर टक्के' असा रिपोर्ट दिला आणि ऐन डोंगरात सेट बंद पडला. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर अण्णांना झापलं. ते झापणं अण्णांनी पेन्शनबरोबर घरी आणलं, आणि आता ते आम्हाला हप्त्याहप्त्याने मिळतं.

माझं थोडं सांगतो. मी विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. आष्ट्याहून रोज एसटीने सांगलीला जातो आणि संध्याकाळी परत येतो. रोज सांगलीला जाणाऱ्या माणसाचं आमच्याकडे काय होतं, हे ज्याने भोगलंय त्यालाच माहीत. कुणाच्या चष्म्याची दांडी, कुणाच्या मिक्सरचं भांडं, कुणाच्या सुनेचं औषध. माझ्या पिशवीत स्वतःचा डबा सोडून बाकी सगळं दुसऱ्याचं असतं. अण्णा मला 'बाबू' म्हणतात. लष्करात कारकुनाला तसंच म्हणतात म्हणे. माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या, पण मी बाबूच राहिलो.

तर लॅपटॉप. अण्णांचा मुलगा विक्रम कॅनडात असतो. मागे एकदा आला, तेव्हा इंजिनिअरिंगच्या वेळचा आपला जुना लॅपटॉप त्याने वडिलांना दिला आणि दर रविवारी यावर समोरासमोर बोलू असं सांगून गेला. सुरुवातीला बोलायचा. भिंतीपलीकडून मला अण्णांचा आवाज ऐकू यायचा, कारण मुलगा लांब आहे म्हणून ते मोठ्याने बोलत. पुढे आवाज यायचा बंद झाला. मी विचारलं नाही. अण्णांच्या घरातलं विचारायची सोय नसते.

त्यानंतर लॅपटॉप धूळ खात पडेल असं मला वाटलं होतं, पण दर रविवारी दुपारी अण्णा तो पिशवीत घालायचे, पिशवी सायकलला अडकवायचे आणि रानात जायचे. तिथं बसून ते कुस्त्यांचे व्हिडिओ बघतात असं गल्लीने परस्पर ठरवून टाकलं होतं. अण्णांच्या बायकोला, म्हणजे काकींना, घरात तो आरडाओरडा खपत नाही, म्हणून आंब्याखाली. मलाही ते पटलं होतं. निवृत्त माणसाने दुसरं काय करावं?

या लॅपटॉपच्या बॅटरीची अण्णांनी जी बडदास्त ठेवली, ती माझ्या आजारपणात मला मिळाली नाही. बर्फाळ चौकीवर थंडीने बॅटऱ्या बसतात, म्हणून तिथं त्या कांबळ्यात गुंडाळून ठेवायच्या असतात. अण्णांनी तोच नियम आष्ट्यात लावला. लॅपटॉप चार्जिंगला लावायचा आणि त्यावर लष्करातलं जाडजूड कांबळं घालायचं, चारही कोपरे आत खोचून. चैत्रातसुद्धा. आम्ही पंख्याखाली घामाने निथळतोय आणि लॅपटॉप कांबळं पांघरून निजलाय, हे दृश्य मी कितीतरी वेळा बघितलं. बघून गप्प बसलो, कारण सुभेदाराला बॅटरीतलं कोण सांगणार?

ती बॅटरी हळूहळू उतरत गेली आणि एके दिवशी बसलीच. बसली म्हणजे कशी, तर चार्जर लावला की पडद्यावर शंभर टक्के दिसायचं, आणि चार्जर काढून चहा पिऊन होतोय तोवर काळोख. दुसऱ्या रविवारीही तेच झालं, तेव्हा अण्णांचा पारा असा चढला की भिंतीपलीकडे मी कान झाकून घेतले. वायरलेसचं सगळं जुनं दुखणं उफाळून आलं. शंभर म्हणतंय आणि पळून जातंय, कशाचं शंभर, ही यंत्रं बनवणाऱ्यांना लाज न्हाई का, वगैरे. हजेरीला उभा राहून कामाच्या वेळी गायब होणाऱ्या जवानासारखं हे आहे, असं ते काकींना सांगत होते. काकी भाकऱ्या थापत होत्या.

संध्याकाळी मला आणि माझ्या बायकोला बोलावणं आलं. 'बोर्ड' बसणार होता.

हे काय ते सांगितलं पाहिजे. लष्करात कुठलीही वस्तू अशी फेकून देता येत नाही. तीन माणसांचा बोर्ड बसतो, वस्तू तपासतो आणि ती 'कंडम' ठरवतो, मगच ती मोडीत निघते. अण्णा घरात तोच कायदा चालवतात. काकी, माझी बायको आणि मी असे आम्ही तिघं कायमचे मेंबर. आजवर आम्ही दोन छत्र्या, एक मिक्सर, एक प्लॅस्टिकची खुर्ची आणि पाण्याच्या मोटारीचा पंखा कंडम केलेला आहे. वस्तू ज्याची त्याने बोर्डात बसायचं नाही, म्हणून अण्णा समोर ताठ उभे राहतात. निकाल झाला की वस्तूवर लाल ऑइलपेंटने फुली मारतात. नवीन येईपर्यंत जुनी जागची हलवायची नाही, हे दुसरं कलम. त्या खुर्चीवर फुली मारल्यानंतरही आमचे पाहुणे तीवर बसून पडलेले आहेत.

त्या संध्याकाळी बॅटरी पाटावर ठेवलेली होती. जुना लॅपटॉप असल्यामुळे ती खालून खटकन निघायची, वीतभर लांबीची काळी पट्टी. माझी बायको म्हणाली, मेलीय तर फेका. काकी म्हणाल्या, "आवं, पण चार्जर लावून चालतोय की त्यो. घरात बसून बघा की काय बघायचं ते."

अण्णा म्हणाले, "घरात न्हाई चालायचं. रानात पायजे. आन् दीड तास पायजे, येक मिनिट कमी न्हाई."

काकींनी लगेच माघार घेतली. मी मात्र तापलो. कुस्त्या बघायला दीड तासाची बॅटरी, आणि ती आणणार कोण, तर सांगलीला जाणारा बाबू. अण्णांनी पुढं जोडलंच की दोन रविवार बुडालेत, तिसरा बुडता कामा नये.

बोर्डाने बॅटरी कंडम ठरवली, पण कारण पाहिजे, अण्णा म्हणाले. बिनकारणाचा निकाल चालत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबच्या सरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की लॅपटॉपलाच एक आज्ञा दिली, की तो बॅटरीची कुंडली काढून देतो. ती आज्ञा मी हातावर लिहून आणली आणि संध्याकाळी अण्णांसमोर टाइप केली. पडद्यावर दोन आकडे आले. बॅटरी नवी होती तेव्हा तिच्यात किती मावत होतं तो एक, आणि आता गच्च भरली तर किती मावतं तो दुसरा. पहिला अठ्ठेचाळीस वॉट-अवर. दुसरा जेमतेम चौदा.

अण्णांनी ते दोन्ही आकडे बराच वेळ बघितले. मग मांडीवर थाप मारली. त्यांच्या आयुष्यभराच्या प्रश्नाला पहिल्यांदा लेखी उत्तर मिळालं होतं.

"म्हंजे हे शंभर टक्के चौदाचं हाय," ते म्हणाले. "घागरीत गाळ भरत आलाय, वर तांब्याभर पानी ऱ्हायलंय, आन् ही म्हंत्यात घागर भरली. आरं, भरली खरी, पर घागर ऱ्हायलीय कुठं?"

यानंतर अण्णांनी संपूर्ण गल्लीला गाळाची घागर समजावून सांगितली. पिठाच्या गिरणीत सांगितली, पोस्टात सांगितली. माझ्या मुलीला मागच्या बोळात गाठून सांगितली. बरोबर होतं त्यांचं म्हणणं, तेच तर संतापाचं कारण. एवढी साधी गोष्ट कंपनी पडद्यावर का दाखवत नाही? मूळ एवढं होतं, आता एवढं उरलंय, असं लिहायला काय जातं? माणूस बिचारा शंभर बघून घराबाहेर पडतो. या बाबतीत मी अण्णांच्या बाजूचा आहे आणि राहणार.

पण माझा राग दुसऱ्याच दिवशी फिरला. लॅबच्या सरांनी सहज विचारलं की बॅटरी इतकी खाली कशी आली, गरम जागेत ठेवता का? या बॅटऱ्यांचा खरा वैरी उन्हाळा, चार्जिंगला लावल्यावर त्यांना मोकळी हवा पाहिजे, म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर ते कांबळं आलं. एसटीत मला उभं राहावं लागलं होतं, वर दोन दिवस हा उद्योग चाललेला. आष्ट्याला उतरलो तो तडक अण्णांच्या अंगणात गेलो.

मी म्हणालो, "आवं अण्णा, कंपनीला कशाला शिव्या देताय? बॅटरी तुमीच मारली. कांबळ्यात घालून भाजून मारली. ही काय बर्फातली चौकी हाय व्हय?"

मला वाटलं, आता दारातून हाकलतील. अण्णा उठले. आत गेले, कांबळं आणलं, अंगणात झटकलं, आणि लष्करात घालतात तशी काटकोनात घडी घातली. घडी काकींच्या हातात दिली. मग मला म्हणाले, "म्हंजे कंडम म्याच केली." आणि पुढे, "बाबू, शनवारी म्या बी येतो सांगलीला. आपुन दोघं आणू."

शनिवारी आम्ही विश्रामबागेत उतरलो. जुनी बॅटरी अण्णांनी वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरली होती, लाल फुलीसकट.

पहिल्या दुकानात काउंटरमागे एक गॉगलवाला तरुण मालक होता. त्याने बॅटरीकडे बघितलंसुद्धा नाही. आजोबा, चार्जर लावून वापरा की, म्हणाला. या वयात तुम्हाला कुठं फिरायचंय? अण्णांनी त्याला जे सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. पण मी आयुष्यात पहिल्यांदा अण्णांच्या खांद्याला खांदा लावून भांडलो. माणूस वस्तू मागायला आला, तर वस्तू दाखव. त्याने कुठं फिरावं हे तू का ठरवतोस?

दुसऱ्या दुकानात बॅटरी होती. फार चांगली होती, दुकानदाराच्या मते. जुनीवर चव्वेचाळीसशे एमएएच लिहिलंय, हिच्यावर बघा, अठ्ठ्याहत्तरशे, दुपटीला आली. मी खिशाकडे हात नेला. अण्णांनी तो धरला. त्यांनी दोन्ही बॅटऱ्या दोन तळव्यांवर घेतल्या, बाजारात कणीस जोखतात तशा. नवी हलकी भरली. मग त्यांनी चष्मा खाली ओढला आणि लेबल वाचायला सुरुवात केली, आणि मला कळलं की आता दुपारची एसटी गेली.

नुसत्या त्या हजारांच्या आकड्याने काही कळत नाही, त्याला व्होल्टने गुणावं लागतं, तेव्हा कुठं वॉट-अवर निघतात, म्हणजे घागरीचं खरं माप. हे अण्णा दुकानदाराला काउंटरवर बोटाने लिहून समजावत होते. तसा गुणाकार केला तर या बॅटरीत चौऱ्याऐंशीच्या आसपास मावायला पाहिजे. आणि तिच्याच कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलं होतं, अठ्ठेचाळीस. एकाच लेबलावर दोन बाता. दुकानदार म्हणाला, छपाईची चूक असेल. अण्णांनी विचारलं की दोन्हीतली चूक कुठली, ते तेवढं सांगा. मग त्याने दुसरी काढली, ती नेमकी वेगळ्या व्होल्टची, आणि म्हणाला, बसते हो, चालते. आता मात्र माझाच आवाज चढला. चालते म्हणजे काय? लॅपटॉप जळला तर तुम्ही विक्रमला कॅनडात फोन करणार आहात का? ते नाव ऐकून अण्णा दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. मी ते तेव्हा मनावर घेतलं नाही.

तिसरं दुकान एका बाईंचं होतं. त्यांनी आमची जुनी बॅटरी मागून घेतली, पाठीवरचा मॉडेल नंबर वाचला, व्होल्ट बघितले आणि दोन खोकी समोर ठेवली. एक सहा सेलची, मूळच्यासारखीच, खाली सपाट बसणारी. दुसरी नऊ सेलची. तिच्यात दीडपट मावतं, पण ती मागच्या बाजूने बाहेर येते, लॅपटॉप जरा उचलून राहतो आणि वजनही वाढतं. अण्णांनी विचारलं, बनली कधी? बॅटरी नुसती फळीवर पडूनही झिजते, हे त्यांना कांबळ्याच्या प्रकरणानंतर मी आणलेल्या माहितीतून कळलं होतं. बाईंनी खोक्यावरची तारीख दाखवली, फार जुनी नव्हती. हमीचं विचारलं, तेही त्यांनी कागदावर लिहून शिक्का मारून दिलं. भांडायला काही शिल्लकच ठेवलं नाही त्यांनी. अण्णा जरा हिरमुसल्यासारखे दिसले.

मी म्हणालो की सहाची घ्या. तासाभरापेक्षा जास्त सहज चालेल, सपाट बसेल, पिशवीत मावेल. कुस्त्यांना किती वेळ लागतो? अण्णा म्हणाले, नऊची. मी समजावलं, बाईंनीही एकदा सांगून बघितलं की एवढी गरज नसेल तर ओझं कशाला. अण्णा हट्टाला पेटले. नऊची म्हणजे नऊचीच. येताना एसटीत मी त्यांच्याशी बोललो नाही. वाजवी गोष्ट न ऐकणाऱ्या माणसाबरोबर उन्हातान्हात हिंडायचं, त्याच्यासाठी लोकांशी भांडायचं, आणि शेवटी त्याने आपलंच खरं करायचं, याला काय अर्थ आहे?

रविवारी दुपारी जेवून आडवा होतोय तोच दारात सायकलची घंटा वाजली. नवी वस्तू आली की बोर्डाच्या एका तरी मेंबरसमोर तिची ट्रायल व्हावी लागते, हे तिसरं कलम. काकी आणि माझी बायको लग्नाला गेल्या होत्या. उरलो मी. पुटपुटत चप्पल घातली आणि त्यांच्या सायकलमागून चालत निघालो.

आंबा मागे पडला. अण्णा थांबले नाहीत. ऊस तुटून गेलेल्या त्यांच्या वावरात मेंढरांचा तळ पडला होता. आमच्याकडे ऊस गेला की आटपाडीकडच्या धनगरांना बोलावून वावरात मेंढरं बसवतात, लेंड्यांचं खत होतं. गडी माणसं कळप चारायला गेली होती. वाघराच्या जाळीच्या कुंपणात फक्त कोकरं होती, आणि त्यांच्याजवळ एक म्हातारी. तिचं नाव हिराक्का, हे अण्णांनी हाक मारली तेव्हा कळलं.

अण्णांनी एक रिकामं खोकं पालथं घातलं, त्यावर लॅपटॉप मांडला, फोनवरून त्याला इंटरनेट जोडलं. नव्या बॅटरीने तो मागून उचलला गेला होता आणि पडदा म्हातारीच्या बरोबर तोंडासमोर आला. थोड्या वेळाने त्या पडद्यावर लष्करी स्वेटर घातलेला एक पोरगा दिसला. मागे बर्फ.

हिराक्काने पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं. "दिसतंय रं बिरू, समदं दिसतंय. दाढी केलीयास व्हय आज?"

मी तिथंच उभा होतो. अण्णांनी मला खूण करून बांधावर बोलावलं आणि खोक्याकडे पाठ करून उभं केलं. घरचं बोलणं आहे, आपण ऐकायचं नाही, म्हणाले. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, फोनच्या पडद्यावर तिला पोराचं तोंड दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. कोकरं टाकून ती घरी येऊ शकत नाही. बिरूला भरतीसाठी पहाटे कालव्याच्या रस्त्याने पळवलं होतं ते अण्णांनीच.

मला धड रागावताही येईना. हे आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, मी विचारलं. मी काय नको म्हणालो असतो? मागे हिराक्का निवांत बोलत होती. कुठली मेंढी व्याली, कुठलं कोकरू लंगडतंय, कुत्र्याने काय खाल्लं, पुढचं बसणं कुणाच्या रानात. बोलून बोलून तिचं तासाभरात संपलं. म्हणजे सहा सेलच्या बॅटरीत भागलं असतं. हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात तिने हाक मारली. "आवं साहेब, या. आमचं झालं. तुमची पाळी."

अण्णांनी टोपी सारखी केली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि गेले. हिराक्का गुडघ्यावर हात देत उठली आणि कोकरांकडे माझ्याजवळ आली.

"दर बारीला माझंच बोलून हुतंय आन् ते डबडं इझतंय," ती मला सांगू लागली. "साहेब येऊन बसत्यात, आन् अंधार. तसंच मिटून पिशवीत घालत्यात. त्येंचं पोरगं लांब हाय, बोलत न्हाई म्हनं आता. काकी रडत हुत्या माझ्याजवळ. तवा म्या बिरूला सांगिटलं, माझं झालं की साहेबांसंगं बोलत जा रं, बापासंगं बोलल्यावानी."

मी वळून बघितलं. अण्णा खोक्यासमोर पोत्यावर मांडी घालून ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. आख्ख्या आष्ट्याला प्रश्न विचारणाऱ्या माणसाला काय बोलावं ते सुचत नव्हतं. पडद्यातून बिरूच म्हणाला, "साहेब, काय सांगायचं ते बिगी बिगी सांगा. मागल्या बारीसारखं बंद पडंल."

"न्हाई पडत आज," अण्णा म्हणाले. "तू सावकाश बोल. सकाळपास्नं काय काय केलंस, समदं सांग."